नौका कोठे आहे?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता काळबादेवी मागे टाकून पुढे गेला, की आरे आणि वारे ही शेजारशेजारची गावे लागतात. येथे रस्ता डोंगराच्या उतारावरून वळणे घेत चढतो आणि अकस्मात सारा समुद्र डोळ्यांपुढे उलगडतो. खाली सुरूची बने, त्यांच्यापलीकडे वाळूचा लांबच लांब पट्टा आणि त्यापुढे क्षितिजापर्यंत पसरलेले अरबी समुद्राचे पाणी. सायंकाळ झाली, की या पाण्यावर एकेक दिवा दिसू लागतो. ते दिवे मासेमारीच्या नौकांचे असतात.

हवा शांत असली, म्हणजे हे दृश्य मोठे मनोहर वाटते. परंतु वारा फिरला, आभाळ भरून आले आणि लाटांचा आवाज वाढू लागला, म्हणजे किनाऱ्यावरील घरांतील माणसे त्याच दिव्यांकडे निराळ्या दृष्टीने पाहतात. ज्या घरचा कर्ता पुरुष समुद्रावर गेला असेल, त्या घरात एकच प्रश्न उभा राहतो: आपली नौका या वेळी कोठे असेल? क्षितिजापलीकडे गेलेल्या नौकेचा दिवा टेकडीवरूनही दिसत नाही.

खरे पाहता या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. ‘मी कोठे आहे?’ हा नौकेवरील तांडेलाचा प्रश्न आणि ‘तो कोठे आहे?’ हा किनाऱ्यावरील माणसांचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर मिळाले, म्हणजे दुसऱ्याचे मिळालेच असे नाही.

पहिला प्रश्न फार जुना आहे. किनारा दृष्टीच्या टप्प्यात असेतोपर्यंत कोकणातील दर्यावर्दी जमिनीवरील खुणांवरून आपले स्थान ओळखीत. किनाऱ्यावरील देवळाचे शिखर आणि त्यामागील दूरच्या डोंगराचे टोक ही एका ओळीत दिसू लागली, म्हणजे आपली होडी त्या ओळीवर कोठेतरी आहे, हे त्यांना कळे. मग दुसऱ्या दिशेस अशाच दोन खुणा ते जुळवून पाहत. दोन ओळी जेथे एकमेकींना छेदतात, तेथे होडी. मासळीच्या चांगल्या जागा अशा खुणांनीच लक्षात ठेवलेल्या असत आणि बापाकडून मुलाला सांगितल्या जात.

किनारा दिसेनासा झाला, म्हणजे आकाशाचा आधार घ्यावा लागे. आरे-वारे येथून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १७ अंश उंच दिसतो. कारण हे ठिकाण विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १७ अंशांवर आहे. ध्रुवताऱ्याची उंची मोजली, की अक्षांश कळतो. रेखांश मात्र इतक्या सहजपणे हाती लागत नाही. कारण तो काळाशी बांधलेला आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरावयास तिला ४ मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरविलेली आहे आणि आरे-वारे सुमारे ७३ अंश १७ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. म्हणून घड्याळात १२ वाजले, तरी तेथे खरी मध्यान्ह होण्यास सुमारे ३७ मिनिटांचा अवकाश असतो. ऋतूप्रमाणे त्यात काही मिनिटांचा फरक पडतो. ज्याच्याजवळ अचूक घड्याळ आहे, त्याला अशा फरकावरून आपला रेखांश काढता येतो. परंतु डोलणाऱ्या जहाजावर अचूक चालेल असे घड्याळच पूर्वी नव्हते. इंग्लंडमधील जॉन हॅरिसन या सुतारकाम जाणणाऱ्या कारागिराने आपले आयुष्य या एका कामी वेचले आणि १७५९ साली असे घड्याळ पूर्ण केले. ‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर ‘केव्हा’ या प्रश्नात आहे, हे तेव्हापासून जगाला नीट उमगले.

आजची उपग्रहांची युक्तीही याच तत्त्वावर उभी आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला. अमेरिकेतील दोन तरुण शास्त्रज्ञ, गायर आणि वायफेनबाख, त्याचे संदेश ऐकत होते. उपग्रह जवळ येताना त्याचा स्वर चढतो आणि दूर जाताना उतरतो, यावरून त्यांनी त्याचा मार्ग शोधून काढला. मग विचार उलटा फिरविण्यात आला. जमिनीवरील जागा ठाऊक असताना उपग्रह कोठे आहे हे कळते. तर उपग्रहाची जागा ठाऊक असताना जमिनीवरील माणूस कोठे आहे हे का कळू नये? या विचारातून उपग्रहांच्या साहाय्याने स्थान ठरविण्याचे शास्त्र जन्मास आले. अमेरिकेच्या ‘जीपीएस’ या प्रणालीचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला आणि १९९५ साली ती पूर्णपणे कार्य करू लागली.

ही प्रणाली समजण्यासाठी पावसाळ्यातील वीज आठवावी. वीज चमकताच आकडे मोजू लागले आणि तीन सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर वीज सुमारे एक किलोमीटर दूर पडली असे समजतात. कारण आवाजाला किलोमीटरभर येण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. उपग्रहही असेच करतो. तो सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत सांगत असतो, “मी अमुक ठिकाणी आहे आणि या क्षणी अमुक वेळ झाली आहे.” हा संदेश रेडिओ लहरींवरून प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर वेगाने, खाली येतो. त्याला पृथ्वीवर पोहोचावयास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. संदेश निघाल्याची वेळ आणि मिळाल्याची वेळ यांतील अंतरावरून नौकेवरील ग्राहक यंत्र त्या उपग्रहाचे अंतर काढते.

एका अंतराने स्थान कळत नाही. समजा, नौका रत्नदुर्गावरील दीपगृहापासून अमुक किलोमीटरवर आहे एवढेच ठाऊक आहे. तर त्या दीपगृहाभोवती काढलेल्या वर्तुळावर ती कोठेही असू शकेल. जयगडच्या दीपगृहापासूनचे अंतरही कळले, म्हणजे दुसरे वर्तुळ काढता येते. ही दोन वर्तुळे एकमेकांना दोन ठिकाणी छेदतात. एक ठिकाण समुद्रात असते, दुसरे जमिनीवर. नौका जमिनीवर नसणार हे उघड आहे! उपग्रह आकाशात असल्यामुळे तेथे वर्तुळांऐवजी गोल घ्यावे लागतात आणि स्थान ठरविण्यास तीन उपग्रह लागतात. चौथा उपग्रहही आवश्यक असतो. कारण उपग्रहांवरील घड्याळे आण्विक आणि अत्यंत अचूक असली, तरी नौकेवरील यंत्रातील घड्याळ साधे असते. त्यात सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरांनी चुकते. ही चूक किती आहे, हे चौथ्या उपग्रहामुळे शोधून काढता येते. मग मोकळ्या आकाशाखाली साधा फोनही पाच-दहा मीटरांच्या आत आपले स्थान सांगू शकतो.

भारतानेही ‘नाविक’ नावाची आपली स्वतंत्र प्रणाली उभारली. तिची योजना सात उपग्रहांची होती. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी आणि सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी सोडण्यात आला. पुढे काही उपग्रहांवरील आयात केलेली आण्विक घड्याळे बंद पडली आणि घड्याळ बंद पडलेला उपग्रह आकाशात असूनही स्थान सांगण्याच्या कामी निरुपयोगी झाला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहावर भारतात तयार केलेले आण्विक घड्याळ बसविण्यात आले. हॅरिसनच्या घड्याळाचे महत्त्व अडीचशे वर्षांनंतरही कमी झालेले नाही, हेच यावरून दिसते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. उपग्रह आकाशातून नौकेवर नजर ठेवतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. जीपीएसचे उपग्रह केवळ बोलतात. नौकेवरील यंत्र केवळ ऐकते. ऐकून जे स्थान कळते, ते नौकेवरच राहते. तांडेलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. किनाऱ्यावरील माणसांच्या प्रश्नाचे नाही.

हा दुसरा प्रश्न किती मोलाचा आहे, हे नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस दिसून आले. ‘ओखी’ नावाचे चक्रीवादळ तेव्हा दक्षिणेकडील समुद्रात अकस्मात बळावले. मासेमारीच्या शेकडो नौका त्याआधीच खोल समुद्रात गेल्या होत्या. मोबाइल फोन किनाऱ्यापासून थोड्याच अंतरापर्यंत चालतो. त्यामुळे दूर गेलेल्या नौकांना वादळाची सूचना मिळाली नाही आणि त्या कोठे आहेत हे किनाऱ्यास कळले नाही. केरळ आणि तमिळनाडू येथील अनेक मच्छीमार परत आले नाहीत. २ डिसेंबर रोजी त्या राज्यांतील ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह वाऱ्यापावसातून वाट काढीत देवगडच्या बंदरात सुखरूप पोहोचल्या. ही वार्ता मिळेपर्यंत त्यांच्या घरच्या माणसांनी ते दिवस कसे काढले असतील, हे सांगावयास नको.

पुढे या अडचणीवर उपाय शोधण्यात आले. २०१९ साली ‘जेमिनी’ नावाचे एक साधन निघाले. त्यावर खोल समुद्रातही वादळाची सूचना मिळू शके. परंतु नौकेवरून उत्तर पाठविता येत नसे. त्यानंतर भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजेच इस्रोने, मासेमारीच्या नौकांसाठी दोन्ही बाजूंनी संदेश नेणारे यंत्र सिद्ध केले. ते नौकेचे स्थान उपग्रहामार्फत किनाऱ्यास कळविते, किनाऱ्यावरील सूचना मच्छीमारांच्या भाषेत त्यांच्या फोनवर दाखविते आणि संकटकाळी एक कळ दाबताच मदतीची हाक पोहोचविते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे या योजनेचा देशव्यापी प्रारंभ झाला. समुद्रकिनारा असलेल्या १३ राज्यांतील व केंद्रशासित प्रदेशांतील एक लक्ष नौकांवर अशी यंत्रे बसवावीत, असे तीत ठरविण्यात आले.

नौकेवरून स्थान निघाले. आता ते येऊन कोठे पोहोचते? ते ‘क्लाउड’मध्ये, म्हणजे मेघात, जाते असे म्हणतात. हा मेघ आकाशात नसतो. मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू ठेवलेले असतात. त्यांना थंड ठेवण्यासाठी यंत्रे आणि वीज गेली तर चालावीत म्हणून जनित्रे असतात. मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे अशी केंद्रे आहेत. दूरच्या मनुष्याला यांतील संगणकाचा हवा तेवढाच भाग भाड्याने वापरता येतो. त्याला तो संगणक दिसत नाही. म्हणून त्याला मेघाची उपमा मिळाली.

किनाऱ्यावरच एखादा संगणक ठेवला तर काय बिघडेल, असे कोणी विचारील. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकले, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातील दापोली व मंडणगड या तालुक्यांतही विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांतील वीज व दूरध्वनी अनेक दिवस बंद राहिले. ज्या वेळी माहितीची सर्वांत अधिक गरज, त्याच वेळी किनाऱ्यावरील संगणक मुका झाला असता. मेघातील माहितीच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवता येतात. एक केंद्र बंद पडले, तर दुसरे उत्तर देते.

आता समजा, आरे-वारेच्या परिसरातील एका शाळेतील मुलांनी आपल्या गावच्या नौकांचा ठाव दाखविणारे एक लहानसे ॲप तयार करावयाचे ठरविले. त्यांना काय काय करावे लागेल?

प्रथम संगणकाला समजेल अशी भाषा हवी. अशा भाषांपैकी ‘पायथन’ ही शिकावयास सोपी मानली जाते. ग्विडो व्हॅन रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने ती रचली आणि १९९१ साली प्रसिद्ध केली. तिचे नाव अजगरावरून नव्हे, तर ‘माँटी पायथन’ या विनोदी कार्यक्रमावरून पडले आहे. वहीत समास सोडून लिहावे, त्याप्रमाणे या भाषेत ओळीचा आरंभ किती आत आहे यावरून कोणती आज्ञा कोणत्या आज्ञेच्या पोटात आहे, हे ठरते. त्यामुळे नीटनेटके लिहिणे हा तेथे केवळ गुण नसून नियमच आहे.

मग संदेश कसा असावा, हे ठरवावे लागेल. चार गोष्टी पुरेशा आहेत: नौकेचा क्रमांक, वेळ, अक्षांश आणि रेखांश. उदाहरणार्थ, “नौका ७, पहाटे ५ वाजून १० मिनिटे, १७.०७, ७३.१०.” मेघातील आज्ञावली असे संदेश स्वीकारते, एकेक तपासते आणि माहितीसंग्रहात क्रमाने लिहून ठेवते. एका नौकेने दर मिनिटाला एक संदेश पाठविला, तर दिवसाचे १,४४० होतात. शंभर नौकांचे १,४४,०००. इतक्या नोंदी कोणी हाताने लिहू म्हटले तर ते शक्य नाही. संगणकाला मात्र ते सहज साधते.

नंतर गणित येते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्या अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट, सुमारे १.८५२ किलोमीटर भरते; यालाच सागरी मैल म्हणतात. रेखांशाच्या रेषा मात्र ध्रुवांकडे जाताना जवळ येत असल्यामुळे आरे-वारेच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटरच भरतो. नौका ७ ही ५ वाजता १७.०५ अक्षांशावर होती आणि ५ वाजून १० मिनिटांनी त्याच रेखांशावर १७.०७ वर आली. तिने ०.०२ अंश, म्हणजे सुमारे २.२ किलोमीटर अंतर तोडले. तिचा वेग ताशी सुमारे १३ किलोमीटर. हे सारे आज्ञावली क्षणार्धात करते आणि नकाशावर एक ठिपका पुढे सरकतो.

परंतु संगणक सांगितले तेवढेच करतो, हे विसरून चालत नाही. मुलांनी चुकून अक्षांशाच्या जागी रेखांश व रेखांशाच्या जागी अक्षांश लिहिला, तर ७३ अंश उत्तर व १७ अंश पूर्व असे स्थान होईल आणि आरे-वारेची होडी नॉर्वेच्या उत्तरेस ध्रुवप्रदेशाजवळच्या थंडगार समुद्रात तरंगताना दिसेल! संगणकाला त्यात काहीच नवल वाटणार नाही. म्हणून “दहा मिनिटांत एवढे अंतर जाणे शक्य आहे काय?” असा प्रश्न आज्ञावलीतच लिहून ठेवावा लागतो. वेळेचेही तसेच आहे. मेघातील संगणक पुष्कळदा जागतिक वेळ वापरतात. ती भारताच्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते. हे ध्यानात घेतले नाही, तर पहाटे सव्वापाचचा संदेश आदल्या रात्री पावणेबाराचा म्हणून नोंदला जाईल.

तथापि या सर्वांहून मोठी चूक निराळीच आहे आणि ती सहज दिसत नाही. नकाशावर ठिपका दिसतो, म्हणजे नौका तेथे आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः तो ठिपका नौका नव्हे. तो नौकेचा शेवटचा शब्द आहे. तो शब्द आताचा आहे की दोन तासांपूर्वीचा, हे ठिपका आपण होऊन सांगत नाही. नौका जाळे टाकून एका जागी थांबली असेल, तरी ठिपका स्थिर दिसतो. आणि नौका बुडू लागून तिचे यंत्र बंद पडले असेल, तरीही ठिपका तसाच स्थिर दिसतो. शिवाय फोनचे जाळे सुटले, तर यंत्र संदेश साठवून ठेवते आणि जाळे मिळताच ते सारे एकदम पाठविते. तेव्हा आता येऊन पोहोचलेला संदेश आताचाच असेल, असेही नाही. म्हणून प्रत्येक नोंदीस दोन वेळा लिहाव्या लागतात: स्थान मोजल्याची आणि संदेश मिळाल्याची.

यासाठी आज्ञावलीत एक छोटीशी ओळ असावी लागते. तिचा अर्थ एवढाच: “दर मिनिटाला प्रत्येक नौकेविषयी विचार, हिचे शेवटचे स्थान मोजून किती वेळ झाला? अर्धा तास झाला असेल, तर ठिपक्याचा रंग बदल आणि पाहऱ्यावरील माणसाला कळव.” इतर सर्व ओळी आलेल्या संदेशांचा विचार करतात, ही एकटीच न आलेल्या संदेशाचा विचार करते.

अर्धा तास आणि दोन तास यांत कितीसा फरक पडणार, असे वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर गणितच देते. ताशी १३ किलोमीटर वेगाने जाणारी नौका अर्धा तास मूक झाली, तर ती शेवटच्या स्थानापासून साडेसहा किलोमीटरांच्या आत कोठेतरी असणार. शोध घ्यावयाचे क्षेत्र सुमारे १३३ चौरस किलोमीटर होते. तीच दोन तास मूक राहिली, तर वर्तुळाची त्रिज्या २६ किलोमीटर होते आणि क्षेत्र सुमारे २,१२० चौरस किलोमीटर. वेळ चौपट झाला. शोधाचे क्षेत्र सोळापट झाले. अंधारात, उसळत्या समुद्रात शोधणाऱ्यांना हा फरक केवढा वाटत असेल!

मौनाचा अर्थ लावणे किती अवघड असते, याचे एक उदाहरण याच जिल्ह्यात घडले आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथे अंडी घालावयास आलेल्या एका ऑलिव्ह रिडले जातीच्या मादी कासवाच्या पाठीवर संदेश पाठविणारे लहानसे यंत्र बसवून तिला पुन्हा समुद्रात सोडण्यात आले. तिचे नाव ‘प्रथमा’ ठेविले होते. पाठोपाठ या किनाऱ्यावरील आणखी काही कासवांनाही अशी यंत्रे लावण्यात आली. कासव श्वास घेण्यासाठी पाण्यावर आले, की यंत्र उपग्रहाकडे संदेश पाठवी आणि शास्त्रज्ञ नकाशावर तिचा मार्ग पाहत. कालांतराने हे संदेश येईनासे झाले. संदेश थांबला म्हणजे कासव मेलेच, असे म्हणता येत नाही. विजेचा घट संपला असेल, यंत्र गळून पडले असेल. नकाशा एवढेच सांगतो, की शेवटचा शब्द येथून आला होता. कासवाच्या बाबतीत शास्त्रज्ञ तेवढ्यावर थांबू शकतात. नौकेच्या बाबतीत कोणालातरी उठून शोधास निघावे लागते.

हे ॲप तयार करताना मुलांना आणखी एक प्रश्न सोडवावा लागेल. तो मात्र गणिताचा नाही. नकाशा कोणी पाहावा? मासळीची चांगली जागा ही तांडेलाची अनेक वर्षांची कमाई असते. आपली नौका रोज कोठे थांबते, हे इतर सर्वांना दिसू लागले, तर तो यंत्र बंद करून ठेवील आणि मग संकटाच्या वेळी त्याचा ठाव कोणालाच लागणार नाही. म्हणून कोणास काय दिसावे, याचे नियम तांडेलांना विचारून ठरविले पाहिजेत. घरच्या माणसांना नौका सुखरूप आहे एवढे कळले, तरी पुष्कळ झाले. नेमके स्थान पाहऱ्यावरील माणसापुरते ठेवावे. ज्याच्या हितासाठी यंत्र बसविले, त्याचा त्यावर विश्वास बसला, तरच ते चालू राहते.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून कोकणातील मच्छीमार नव्या हंगामाला आरंभ करतात. नौका पुन्हा पाण्यात लोटल्या जातात आणि आरे-वारेच्या टेकडीवरून पुन्हा दिवे दिसू लागतात. आता त्यांतील अनेक नौकांवर आकाशातील घड्याळे ऐकणारे आणि किनाऱ्यास शब्द पाठविणारे यंत्र असते. तांडेलाची नजर, त्याच्या खुणा आणि वाऱ्याची पारख यांची जागा ते घेत नाही. नौका क्षितिजापलीकडे गेल्यावरही तिचा शब्द किनाऱ्यापर्यंत यावा, एवढीच सोय ते करते. तो शब्द येईनासा झाला, तर त्याची दखल घेणारा कोणीतरी किनाऱ्यावर जागा असावा लागतो.

अभ्यास

१. ‘मी कोठे आहे?’ आणि ‘तो कोठे आहे?’ या दोन प्रश्नांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
२. ‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर ‘केव्हा’ या प्रश्नात आहे, असे का म्हटले आहे?
३. ताशी १० किलोमीटर वेगाने जाणारी नौका एक तास मूक राहिली, तर तिचा शोध किती क्षेत्रात घ्यावा लागेल? तीन तास मूक राहिली तर?
४. आपल्या गावाचे अक्षांश व रेखांश नकाशावरून काढा. तेथे खरी मध्यान्ह घड्याळात सुमारे किती वाजता होते, ते गणिताने शोधा.
५. नकाशावरील ठिपका म्हणजे नौका नव्हे, हे विधान उदाहरण देऊन स्पष्ट करा.